गॅरेजचा कोबा: स्वतः टेप लावून मोजला, तरी फसले

ठेकेदाराला शेवटचा हप्ता दिला त्या संध्याकाळी आमच्या गॅरेजचा कोबा असा चमकत होता की दिवा लावला तर त्याचं प्रतिबिंब दिसायचं. नवऱ्याने फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. मी चप्पल बाहेर काढून आत गेले, आता आठवलं की हसू येतं. पुढच्या पावसात त्याच कोब्याची एक बाजू बोटभर वर आली आणि गॅरेजचं शटर खाली टेकेना.

माझं काम हिशेब तपासायचं. दुसऱ्यांच्या बिलांमधल्या चुका काढण्यात माझी हयात गेली, त्यामुळे मला कोणी सहज गंडवणार नाही असा एक माज होता. म्हणून हे जरा तपशिलाने लिहिते. गॅरेज बांधायला काढलं असेल तर खोदायच्या आधी वाचा, कारण काँक्रीट ओतून झाल्यावर यातलं जवळजवळ काहीच तपासता येत नाही.

घराच्या बाजूची ती जागा आधी बागेची होती. माती काळी, चिकण. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडायच्या की हात आत जाईल, आणि पावसात तीच माती फुगून चपलेला किलोकिलोने चिकटायची. अशी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते, आणि हे दर वर्षी करते. तिच्यावर पातळ काँक्रीट टाकलं तर ती त्याला अलगद उचलते. हे मला ठेकेदारानेच समजावलं होतं, बरं का! त्याला सगळं माहीत होतं. तीन जणांकडून कोटेशन घेतलं, त्यात मातीबद्दल बोलणारा हा एकटाच, म्हणून तर काम त्याला दिलं.

त्याच्या कोटेशनमध्ये काय नव्हतं? काळी माती ३०० मिलिमीटर खोल काढून टाकणे, तिथे मुरूम दोन थरांत भरून धुम्मस करणे (ठोकून घट्ट दाबणे), वर १०० मिलिमीटर खडी, त्यावर प्लास्टिकचा जाड कागद, मग लोखंडी जाळी आणि १२५ मिलिमीटर जाडीचं एम-२५ (ही ताकदीची प्रत) काँक्रीट. शेवटी एक ओळ: 'स्थानिक हवामानासाठी खास केमिकल'. मी विचारलं, हे काय? तर म्हणे, "ताई, बर्फ पडतो ना तिकडे हेच वापरतात, फरशीला शंभर वर्षं काही होत नाही." थंड मुलखात काँक्रीटमध्ये हवेचे बारीक बुडबुडे ठेवणारं रसायन घालतात हे खरं आहे. आत शिरलेलं पाणी गोठलं की पसरतं, त्याला जागा मिळावी म्हणून. पण आमच्याकडे पाणी फ्रीजबाहेर कधी गोठलेलं नाही. आमचा शत्रू खालची माती, आणि हा मला वरच्या बर्फाचं औषध विकत होता. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. काम सुरू असताना त्याने लेबल फाटलेली एक बाटली मोठ्या थाटात मिक्सरमध्ये ओतली, आणि मी मान डोलावली.

खोदकामाच्या दिवशी आम्ही दोघंही कामावर. दुपारी फोनवर फोटो आला: मुरमाचा ढीग, शेजारी धुम्मस करायचं यंत्र. संध्याकाळी घरी आलो तर सगळं सपाट, वर तांबूस मुरूम पसरलेला, पाणी मारलेलं. छान वाटलं. त्या फोटोत यंत्र उभं होतं, चालू नव्हतं. मुरूम ढिगात होता, खड्ड्यात नव्हता. आणि खड्ड्याचा तर एकही फोटो नव्हता.

काँक्रीटच्या दिवशी मात्र मी रजा काढली. कडेच्या फळ्यांना टेप लावून जाडी मोजली. १२५. चारही बाजूंनी १२५. प्लास्टिकचा कागद कडेने दुमडून वर आलेला दिसत होता. मी वहीत टिक केली.

हीच ती युक्ती. मालकाचा टेप कडेला लागतो, मधोमध जाऊन मोजायला कोणी चिखलात उतरत नाही. म्हणून कडेला जमीन खोल ठेवायची आणि मध्ये उंचवटा सोडायचा, उलट्या परातीसारखा. वरून पातळी एकसारखी दिसते, कडेची जाडी कोटेशनप्रमाणे भरते, आणि मध्ये निम्मं काँक्रीट वाचतं. प्लास्टिकचंही तेच, कडेने हातभर पट्टी फिरवली की झालं. समोरासमोरच्या फळ्यांवर एक दोरी ताणून बांधली असती आणि दोरीपासून खालपर्यंत पाच ठिकाणी मोजलं असतं तर दोन मिनिटांत उघडं पडलं असतं.

बाकीचं तर माझ्या डोळ्यांदेखत झालं. जाळी जमिनीवरच पसरली. मी म्हटलं, ही वर उचलून ठेवायला नको का, तर एका पोऱ्याने आकडा घेतला आणि काँक्रीट पडत असताना जाळी वर ओढून दाखवली. ओढली की वर यायची, पुढच्याच क्षणी दुसरा कामगार तिच्यावर पाय देऊन उभा राहायचा. जाळीखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे तिला उचलून धरणारे छोटे ठोकळे, हवेत. जमिनीवरच्या फरशीत ती वरच्या तिसऱ्या हिश्श्यात राहिली तरच तडा घट्ट धरून ठेवते. तळाला पडलेली जाळी नुसती गंजते. माल घट्ट वाटला की मिस्त्री नळी उचलून पाणी मारायचा, पसरवायला सोपं जातं म्हणून. ते जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि काँक्रीटमध्ये बारीक भोकं ठेवून जातं, ताकद तिथेच घटते. वर पाणी साचलं तेव्हा त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरवलं आणि थापीने घोटलं. ती चमक म्हणजे हेच: खाली ओला भुसभुशीत थर, वर सिमेंटची साय. पाणी आपणहून उडेपर्यंत थांबायचं असतं, पण थांबायला वेळ कुणाला होता!

"आमचं सिमेंट लवकर सेट होतं," म्हणून तीन दिवस संध्याकाळी बादलीभर पाणी शिंपडलं की झालं क्युरिंग. सेट होणं आणि मुरणं यात फरक आहे. सिमेंट काही तासांत घट्ट होतं, पण ताकद त्याला आठवडे लागून येते, आणि तोवर ते ओलं असलं तरच. निदान ७ दिवस, कोरड्या उन्हात १० किंवा जास्त, सतत ओलं. गोणपाट टाका, नाहीतर आळी करून पाणी साठवा.

चौथ्या दिवशी तो पैसे न्यायला आला आणि मी दिले. कोटेशनमध्ये टप्पे नव्हतेच, 'काम पूर्ण झाल्यावर' एवढंच होतं. त्याच संध्याकाळी मागच्या कोपऱ्यात सिमेंटच्या रिकाम्या गोण्या दिसल्या आणि सवयीने मी त्या मोजल्या. ११. मनात कुठेतरी खटकलं, पण हिशेब मांडला नाही. तो इथे मांडते. गॅरेज ६ बाय ४ मीटर, जाडी १२५ मिलिमीटर, म्हणजे ३ घनमीटर काँक्रीट. त्या प्रतीच्या काँक्रीटला घनमीटरमागे सव्वातीनशे किलोच्या आसपास सिमेंट लागतं, ५० किलोच्या साडेसहा गोण्या. तीन घनमीटरला १९-२०. मी आयुष्यभर स्टॉक रजिस्टर तपासले, आणि माझ्याच दारातल्या आठ-नऊ गोण्या कमी आहेत हे मला वर्षभराने कळलं.

पहिली खूण धुळीची. रोज झाडलं तरी रोज पिठासारखी पांढरी भुकटी. नखाने ओरखडा ओढला तर उमटायचा. ठेकेदार म्हणाला, नवं आहे, बसेल. मग पाऊस आला. छपराचं पाणी ज्या कोपऱ्यात पडत होतं तिथून एक तडा तिरका निघाला आणि मधोमध गेला. तड्याच्या एका बाजूला पट्टी आडवी ठेवून पाहिलं तर दुसरी बाजू १२ मिलिमीटर खाली.

"काँक्रीटला तडे जाणारच, ताई." हे त्याचं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून पटतं. काँक्रीट वाळताना आकसतं, केसासारखे तडे जातात, त्याला कोणाचा दोष नाही. पण ते तडे दोन्हीकडे एका पातळीत राहतात. एक बाजू वर आणि एक खाली असेल तर खालची जमीन हललेली असते. आणि ते केसाएवढे तडे कुठे जावेत हेही ठरवता येतं. त्याच्यासाठीच काँक्रीट घट्ट झाल्यावर, शक्यतो त्याच दिवशी, कटरने खाचा मारतात, जाडीच्या पावपट खोल. आमच्या फरशीला त्या ३० मिलिमीटरच्या आसपास हव्या होत्या. त्याने ओल्या मालावर दोरीने रेघोट्या ओढल्या होत्या. दिसायला नक्षी, कामाला शून्य.

पुढे त्याने इलाज सुचवला: सगळ्या फरशीवर इपॉक्सीचा रंग, अर्थात वेगळे पैसे. मी हो म्हणायच्या बेतात होते. ओळखीतल्या एका निवृत्त अभियंत्यांनी सांगितलं, आधी हातभर लांबरुंद प्लास्टिक फरशीवर चारही कडांनी चिकटपट्टीने बंद कर आणि रात्रभर ठेव. सकाळी प्लास्टिकच्या आतून थेंब लोंबत होते, खालची फरशी काळपट. खालून ओल चढत असेल तर वरचा रंग फुगे धरून सुटतो, मग गाडीच्या गरम चाकाबरोबर निघून येतो. ठेकेदाराला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

त्यांच्याच सांगण्यावरून तपासणीवाल्याला बोलावून फरशीतून दोन ठिकाणी गोल तुकडे कापून काढले. दाराजवळचा ११८ मिलिमीटर निघाला. मधला त्याने माझ्या हातात दिला तेव्हा मला वाटलं तुटून अर्धाच आला. तो पुरा होता. ६८ मिलिमीटर. तळाला जाळीची तार अर्धी काँक्रीटमध्ये, अर्धी बाहेर, गंजून तांबडी, तिला काळी माती चिकटलेली. प्लास्टिक नाही, खडी नाही. भोकात टॉर्च मारला तर खाली चार बोटं पोकळी, तिच्याखाली विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या गोणीचा कागद. वरचा दोन इंचांचा मुरूम सोडला तर माती जागची हललीच नव्हती.

त्या मातीची परीक्षाही करून घेतली, आणि ही इतकी साधी आहे की आधीच का केली नाही याचं मला जास्त वाईट वाटतं. वाळवून बारीक चाळलेली १० ग्रॅम माती एका मोजपात्रात पाण्यात, तेवढीच दुसऱ्यात रॉकेलमध्ये, आणि २४ तास थांबायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. माझी माती रॉकेलमध्ये ११ मिलिलिटरच्या खुणेवर बसली, पाण्यात १९ वर. म्हणजे ७० टक्क्यांहून जास्त फुगवटा. ५० च्या पुढे गेलं की ती माती फरशीखाली ठेवायची नसते.

तुकडे घेऊन त्याच्याकडे गेले. तो अजिबात गडबडला नाही. म्हणाला, "कामाच्या दिवशी तुम्ही स्वतः टेप लावलात की, ताई. तुमच्या वहीत सही पण आहे." खरंच होती. मी केलेली टिक आणि खाली माझीच सही. तेव्हापासून त्याने फोन उचलणं बंद केलं. नोटीस पाठवली आहे, उत्तर नाही, आणि मला फार आशाही नाही, कारण खोदकामाचा माझ्याकडे एकही पुरावा नाही.

सगळं फोडून पुन्हा करावं लागलं. दुसऱ्या ठेकेदाराशी करार करताना पैसे झाकल्या जाणाऱ्या गोष्टींना बांधले: खड्ड्याच्या तळाचा फोटो टेपसकट, मुरमाचा प्रत्येक थर १५० मिलिमीटरपेक्षा जाड नाही, प्रत्येक थराची दाब-तपासणी, काँक्रीटच्या आधी दोरी ताणून मधली खोली. शेवटचा हप्ता २८ दिवसांच्या क्यूबचा, म्हणजे त्याच काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद तपासतात त्याचा, निकाल आल्यावर. एक जण हे ऐकून उठूनच गेला. ज्याने काम घेतलं तो म्हणाला, "असं लिहिलं तर मलाही बरं, नंतर भांडण नको." छपराचं पाणी पाइपने लांब नेलं, फरशीला दाराकडे मीटरला १० मिलिमीटर ढाळ दिला, भिंतीपासून फरशी पट्टी घालून सुटी ठेवली. बाटलीतलं काही घातलं नाही.

ही फरशी चमकत नाही. जरा खरखरीत, राखाडी, फोटो काढावा अशी नाही. कटरच्या खाचांनी तिचे चार भाग केलेत, वरून पाहिलं तर अधिकचं चिन्ह. मध्ये एकदा खाली वाकून टॉर्चने पाहिलं, तर एका खाचेच्या तळाशी केसाएवढी चीर सरळ गेलेली आहे. बाकी फरशीवर कुठेही नाही. पावसाळा होऊन गेला, पट्टी ठेवून पाहिली, दोन्ही बाजू एका पातळीत आहेत.