दोन घनमीटरचं ‘दीनबंधू’ गोबरगॅस: खाणपट्ट्यातल्या घराला परवडतं का?

चंद्रपूर, घुग्घुस, वणी या पट्ट्यात स्वयंपाकाचं जळण एक तर खाणीतून येतं, नाहीतर जंगलातून. सिलिंडर बऱ्याच घरांत आहे, पण तो चहापाण्यापुरता. भात-भाजीला सिगडी किंवा चूल. पत्र्याची बादली कापून आतून माती लिंपलेली ही सिगडी पहाटे गल्लीत पेटवतात आणि पिवळट धूर ओसरला की घरात घेतात. धूर दिसेनासा झाला तरी निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साईड निघतच राहतो. थंडीत दार लावून सिगडी उशाशी ठेवणं जिवावर बेततं ते यामुळेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या, सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक भागांच्या क्रमवारीत चंद्रपूर देशात चौथं होतं. त्याला खाणी आणि औष्णिक केंद्र जबाबदार आहेतच, पण नाकाशी येणारा धूर घरातलाही असतो.

ज्यांच्या गोठ्यात जनावरं आहेत त्यांच्यासाठी दीनबंधू हा चांगला पर्याय आहे. 1984 साली आलेल्या या नमुन्यात गॅस साठवायची लोखंडी टोपी नाही. विटांचा घुमट जमिनीखाली असतो, त्यामुळे गंजण्याची कटकट नाही. दोन घनमीटरच्या, म्हणजे रोज तेवढा गॅस देणाऱ्या संयंत्राला रोज 50 किलो ताजं शेण आणि तेवढंच पाणी लागतं. त्यावर एक बर्नर साधारण चार तास चालतो, म्हणजे सहा-सात माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक होतो. लाकडाच्या हिशेबात हे रोजचं सात किलो जळण, वर्षाला अडीच टन. तेवढी मोळी जंगलातून आणायची नाही, आणि ताडोबाच्या कडेला मोळीला जाणं म्हणजे वाघाच्या वाटेवर जाणं.

सगळ्यात जास्त चूक होते ती माप ठरवताना. माहितीपत्रकात ‘चार-पाच जनावरं पुरेत’ असं असतं. ते बांधून खाऊ घातलेल्या जनावरांना लागू पडतं. इथली गावरान गुरं दिवसभर रानात चरतात, अर्धं शेण तिथेच पडतं. सकाळी गोठ्यात एका जनावरामागे पाच-सहा किलोच मिळतं. म्हणजे 50 किलोला आठ-दहा गुरं हवीत. बांधण्याआधी आठवडाभर रोज सकाळी शेण वजनकाट्यावर घालून बघा. 25 किलोच भरलं तर एक घनमीटरचं बांधा. मोठं संयंत्र अर्धपोटी ठेवलं की ज्योत मंदावते, घरातली बाई कंटाळते आणि सहा महिन्यांत सिगडी परत येते. बंद पडलेल्या संयंत्रांत दोष बांधकामाचा कमी आणि या हिशेबाचा जास्त असतो.

बांधकामात दोन गोष्टींवर नजर ठेवा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाया तडकवते. ती काढून मुरूम भरून घट्ट ठोकून घ्या. घुमटाच्या आतला गिलावा एका दमात उरकू देऊ नका, पातळ थरांवर थर द्यायला लावा. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातूनही गॅस जातो. दहा-बारा दिवस पाणी मारल्यावर टाकी पाण्याने भरून 24 तास ठेवा, पातळी उतरली तर गळती आहे. पाइपची गळती साबणाच्या फेसानेच बघायची, काडी पेटवून नाही. विहिरीपासून 15 मीटर तरी लांब बांधा, स्वयंपाकघराच्या मात्र जवळ.

पहिल्या भरणीला दोन टन शेण लागतं, त्यासाठी शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा. सुरुवातीचा गॅस पेटत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साईड जास्त असतो. तो सोडून द्या. ज्योत निळी, स्थिर झाली की स्वयंपाक सुरू. शेगडी गोबरगॅसचीच घ्या. सिलिंडरच्या शेगडीचं छिद्र बारीक असतं, त्यावर हा कमी दाबाचा गॅस नीट जळत नाही. ज्योत फडफडली तर पाइपात पाणी साचलंय, म्हणून पाइपला उतार देऊन खालच्या टोकाला पाणी काढायची तोटी बसवा. डिसेंबरात गॅस घटतोच. शेण कोमट पाण्यात कालवलं आणि घुमटावर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरलं तर थोडा फरक पडतो.

एक गोष्ट मात्र कायम पाळा: टाकी रिकामी केल्यावर कोणी आत उतरू नये. आत प्राणवायू नसतो आणि वाचवायला उतरलेलाही दगावतो.

बाहेर पडणारी स्लरी, म्हणजे गॅस निघून उरलेला शेणकाला, उन्हात वाळवली तर नत्र उडून जातं. सावलीतल्या खड्ड्यात तणसाबरोबर मुरवा, धानाला उत्तम.

अनुदानासाठी पंचायत समितीच्या कृषी विभागात विचारा. त्याआधी गावाचं मन बघा. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावाला 2012 मध्ये सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यानंतर तेंदूपानापायी होणारी झाडाची छाटणी आणि वणवा नको म्हणून त्यांनी हाती येणारा तेंदूपानाचा पैसाही सोडला. 2009 मध्ये ताडोबाशेजारची लोहाऱ्याची कोळसा खाण लोकांनी अडवली, तेव्हाही जंगलाबद्दलची हीच माया होती. जिथे ग्रामसभा जंगलाचा हिशेब असा ठेवते, तिथे पाच-सहा घरांनी एकत्र ठरवून, एकाच गवंड्याकडून संयंत्रं बांधून घ्यावीत. एकाचा बर्नर अडला की शेजारी बघायला येतो, आणि दुरुस्तीला तो गवंडीही एका फेरीत सगळ्यांकडे येतो.