गाळ पाण्यात नव्हताच

मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पदार्थाचे भौतिक गुणधर्म कोणते, रासायनिक कोणते, हे फळ्यावर दोन रकाने पाडून किती वेळा लिहिलं असेल, मोजदाद नाही. आणि नेमक्या त्याच धड्यात पंचविशीतल्या एका पोरानं पाणी शुद्ध करायचं मशीन गळ्यात मारून मला १५,५०० रुपयांना गंडवलं. लाजेपोटी वर्षभर गप्प होतो. परवा नागपुरातल्या आमच्या मानेवाड्याच्या गल्लीत त्याच्यासारखीच काळी पेटी घेऊन कुणी फिरताना दिसलं, म्हणून लिहितो आहे.

मे महिन्यातली दुपार. बाहेर ऊन असं की कुत्रंही गाडीखालून हलेना. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला मुलगा फाटकाशी उभा. "काकाजी, कॉलनीतलं पाणी चेक करून राहिलो. दोन मिनिटं." महापालिकेचा आहे असं तो म्हणाला नाही. मीच ते गृहीत धरलं. त्याला आत घेतलं, हिनं माठातलं पाणी दिलं. ते त्यानं गटागटा प्यायलं, हे मला फार नंतर आठवलं.

आधी त्यानं पेनासारखं मीटर काढलं. आमच्या नळाच्या पाण्यात बुडवलं, आकडा आला २१०. स्वतःच्या बाटलीतल्या पाण्यात बुडवलं, आला १८. "बघा काकू, बारा पट घाण."

इथंच मी त्याला थांबवायला हवं होतं. ते मीटर घाण मोजतच नाही. पाण्यातून वीज किती सहज जाते तेवढं ते पाहतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज दाखवतं. विद्युतवाहकता हा भौतिक गुणधर्म. क्षार कॅल्शियमचा की मिठाचा, हे त्याला कळत नाही, आणि जंतू तर मुळीच दिसत नाहीत. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. आमचे २१० त्याच्या निम्म्यालाही नव्हते. मला हे ठाऊक होतं. पण उन्हाळ्याच्या सुटीत नातू आलेला, तो त्याच नळाचं पाणी पीत होता, आणि अशा वेळी माणूस मास्तर राहत नाही, आजोबा होतो.

मग त्यानं दोन थेंबांचा खेळ केला. नळाच्या पाण्यात थेंब टाकताच ते पिवळं झालं, त्याचं पाणी तसंच राहिलं. "हे केमिकल पोटात जाऊन राहिलं तुमच्या." ते केमिकल म्हणजे क्लोरीन. पेंच धरणाचं पाणी गोरेवाड्याच्या केंद्रात शुद्ध करून सोडतात तेव्हा जंतू मरावेत आणि वाटेत नवे होऊ नयेत म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. पिवळा रंग दिसला म्हणजे पाणी निर्जंतुक करून आलेलं आहे. आम्ही मात्र घाबरलो.

शेवटी काळी पेटी. तिला खाली चार कांड्या. एका ग्लासात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याचं, दोन्हीत दोन-दोन कांड्या बुडवल्या आणि पेटी प्लगमध्ये लावली. अर्ध्या मिनिटात नळाचं पाणी हिरवट, मग विटकरी, मग वर फेसाळ गाळ. गटारच जणू. त्याच्या ग्लासात काही नाही. ही तोंडावर पदर धरून म्हणाली, "अरे बाप्पा! हे आपण पितो?"

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही. "आजच्या आज घेतलं तर" वाली किंमत, मोबाईलवरून पैसे, संध्याकाळी भिंतीवर आरओचं मशीन, म्हणजे पाण्यातले क्षार गाळून काढणारं. आमचा बरा चाललेला कँडल फिल्टर तो 'एक्स्चेंज'मध्ये घेऊन गेला. तसंच बिननावाचं मशीन पुढे सीताबर्डीत साडेसहा हजारांना पाहिलं. दोन महिन्यांत ते गळायला लागलं, तेव्हा वॉरंटी कार्डावरचा नंबर बंद.

माझी ट्यूब पेटली ती कूलर साफ करताना. त्याच नळाचं पाणी कूलर रोज बादल्या-बादल्या पितो. पाणी उडून जातं आणि त्यातलं जे काही असेल ते ताट्यांवर उरतं. हा भौतिक बदल, बाष्पीभवन. आणि ताट्यांवर थर होता पांढरा! चार महिन्यांचं पाणी आटूनही विटकरी ठिपका नाही. मग ग्लासभर पाण्यात तो गाळ आला कुठून? हिशेबही बसेना. २०० मिलिलिटरच्या ग्लासात सगळे क्षार मिळून ४२ मिलिग्रॅम. चिमूटभरसुद्धा नाही.

गाळ कांडीतून आला होता. प्रत्येक ग्लासातली एक कांडी लोखंडाची, दुसरी ॲल्युमिनियमची. नळाच्या पाण्यात क्षार असल्यामुळे वीज वाहते. ती वाहिली की लोखंडाची कांडी विरघळायला लागते, त्याचं हायड्रॉक्साईड होतं, आधी हिरवट, मग हवेतला ऑक्सिजन मिळाला की विटकरी. साध्या भाषेत, तो गंज होता. हे रासायनिक गुणधर्म लोखंडाचे, दोष लागला पाण्याला. त्याच्या बाटलीतल्या पाण्यात क्षार जवळजवळ नव्हतेच, म्हणून वीज फारशी वाहिली नाही, म्हणून कांडी शाबूत.

खात्रीसाठी जुन्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरची वायर कापून दोन खिळ्यांना जोडली. (घरच्या २३० व्होल्टवर हे कुणीही करू नये.) नव्या मशीनच्या पाण्यात खिळे बुडवले, बराच वेळ काही नाही. चिमूटभर मीठ टाकलं आणि पंधरा मिनिटांत तेच गटार. तुमच्या दारात असा कुणी आला तर एवढंच सांगा, "तुझ्या बाटलीतल्या पाण्यात मीठ टाक आणि मग पेटी लाव." नाहीतर कांडी आधी आणि नंतर पुसून बघू द्यायला सांगा.

बोअरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी. ते जड असतं, त्यात फ्लोराईड किंवा नायट्रेटही असू शकतं, पण ते प्रयोगशाळेच्या तपासणीत कळतं, पेटीत नाही. महापालिकेच्या नळाला आरओची गरज आहे का हे आधी त्या पेनासारख्या मीटरच्या आकड्यावरून बघा. ५०० च्या खाली असेल तर आरओ नको, असं राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये म्हटलं होतं. शिवाय ते मशीन बरंच पाणी मोरीत सोडतं. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे. मी तिथं केली नाही, कारण पावतीवर ना पत्ता होता ना जीएसटी नंबर. पैसे देण्याआधी पावती वाचायची असते, हे मास्तराला कोण सांगणार.

मिठाचा प्रयोग मी मोठ्या उत्साहानं हिलाही दाखवला. खिळे, मीठ, विटकरी पाणी, सगळं समजावून सांगितलं. हिनं ग्लासाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे मशीनच्या पाण्यातही गाळ आहेच की!"

तेव्हापासून आमच्याकडे मशीनचं पाणी उकळून पितात.