टिकरवरून भाव काढायचाय: कॉइनमार्केटकॅप की कॉइनगेको?

कॉइनमार्केटकॅप आणि कॉइनगेको या क्रिप्टो नाण्यांचे भाव दाखवणाऱ्या दोन साइट, आणि टिकर म्हणजे नाण्याची अक्षरी खूण, जशी बिटकॉइनची 'बीटीसी'. दोन्ही फुकटात वापरता येतात, दोन्हींची एपीआय की (शीटला किंवा प्रोग्रामला साइटकडून थेट भाव मागता यावा म्हणून मिळणारी किल्ली) लगेच मिळते, आणि बिटकॉइनचा भाव विचारला तर दोघांच्या उत्तरात भांडावं इतका फरक नसतो. त्यामुळे कुणाकडे किती नाणी, किती एक्स्चेंज ही मोजदाद इथे करत नाही. बिटकॉइन आणि ईथर एवढंच बघायचं असेल तर या दोघांपैकी कुणाचीच गरज नाही. गूगल शीटमध्ये गूगलफायनान्स या फॉर्म्युल्याला 'करन्सी:बीटीसीआयएनआर' दिलं की रुपयांत भाव हजर.

गोची होते ती त्यापुढच्या नाण्यांची. एनएसईवर एक सिम्बॉल म्हणजे एकच कंपनी, ही सवय आपल्या अंगात मुरलेली असते. क्रिप्टोत अशी अक्षरं वाटून देणारं कुणी बसलेलंच नाही. नवं नाणं काढणारा मनाला येतील ती तीन-चार अक्षरं उचलतो. २०१७ साली 'बीसीसी' म्हटलं तर काही एक्स्चेंजवर बिटकॉइन कॅश मिळायचं, आणि बिटकनेक्ट या वेगळ्याच नाण्याचा टिकरही तोच होता. नुसत्या टिकरवर भाव मागणं म्हणजे कोल्हापूरच्या बाजारात 'अहो पाटील' अशी हाक मारणं. कुणीतरी वळून बघणारच, पण आपल्याला हवे ते पाटील असतीलच असं नाही.

माझ्या बाबतीत निकाल लागला तो टेरा या ब्लॉकचेनच्या लुना नावाच्या नाण्यामुळे. आतेभावाने २०२२ च्या मे महिन्यातल्या पडझडीआधी लुना घेतलं होतं आणि हिशेब एका पोर्टफोलिओ अॅपवर ठेवला होता. अॅपचं नाव राहू द्या. ते अॅप नाणं ओळखायचं फक्त टिकरवरून. २८ मेला टेराची नवी ब्लॉकचेन सुरू झाली, 'लुना' हा टिकर नव्या नाण्याकडे गेला आणि जुनं झालं 'एलयूएनसी'. जुन्याचा भाव एका सेंटच्याही बारीकशा अंशात, नव्याचा काही डॉलर. अॅपने जुन्या नाण्यांची संख्या घेतली, तिला नव्या भावाने गुणलं आणि बुडालेली रक्कम बरीचशी परत आल्याचं दाखवून दिलं. "दादा, पैसे परत आले!" असा त्याचा फोन आला. ते ऐकून पुढे काय सांगावं हेच सुचेना.

तेव्हापासून मी भाव दाखवणाऱ्या कुठल्याही साधनाला पहिला प्रश्न हाच विचारतो: नाणं नक्की कशावरून ओळखतोस?

या प्रश्नावर दोघंही पास होतात, हे आधी कबूल करायला हवं. कॉइनमार्केटकॅपच्या एपीआयची दुसरी आवृत्ती टिकर दिल्यावर त्या टिकरची सगळी नाणी यादी करून पुढे ठेवते, आणि टिकरऐवजी क्रमांक वापरा असं त्यांचं मार्गदर्शनच सांगतं. बिटकॉइन १, ईथर १०२७, जुनं लुना ४१७२, नवं २०३१४. हे क्रमांक बदलत नाहीत. याहू फायनान्सवर 'यूएनआय७०८३-यूएसडी' असं विचित्र नाव दिसतं ना, त्यातलं ७०८३ म्हणजे युनिस्वॅप या नाण्याचा कॉइनमार्केटकॅपवरचा हाच क्रमांक. म्हणजे पद्धत भक्कम आहे, इतरांनीही उचललेली.

कॉइनगेको क्रमांकाऐवजी शब्दांची आयडी देतं. जुन्याला 'टेरा-लुना', नव्याला 'टेरा-लुना-२'. टिकर हातचा गेला तरी आयडी जुन्या नाण्यालाच चिकटून राहिली. पॉलिगॉनच्या मॅटिक नाण्याचं २०२४ मध्ये पीओएल झालं तेव्हाही 'मॅटिक-नेटवर्क' आणि 'पॉलिगॉन-इकोसिस्टिम-टोकन' या दोन वेगळ्या आयडी राहिल्या. आठ महिन्यांनी शीट उघडली की रकाना वाचून कळतं, कुठली ओळ कशाची. ४१७२ आणि २०३१४ बघून मला काहीच आठवत नाही. प्रत्येक वेळी साइटवर जाऊन खात्री करावी लागते. प्रोग्रामला आकडा आणि शब्द सारखेच, पण शीट वाचणारा मी आहे. तुमचं डोकं आकड्यांत चालत असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

कॉइनगेकोच्या आयडीही काही फार शिस्तीच्या नाहीत. अॅव्हॅलांचची आयडी 'अॅव्हॅलांच-२', एक्सआरपीची 'रिपल', बीएनबीची 'बायनान्सकॉइन'. अंदाजाने टाइप करायला गेलात तर फसाल. त्यांची पूर्ण यादी एकदा उतरवून घ्या आणि आपल्या नाण्यांच्या ओळी त्यातून उचला.

आणखी एक गोष्ट फुकटवाल्यांनी ध्यानात ठेवावी. कॉइनगेकोच्या मोफत कीवर मागचे भाव ३६५ दिवसांपर्यंतच मिळतात. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि आयकर रिटर्न भरतो आपण पुढच्या वर्षीच्या जुलैत. म्हणजे एप्रिल-मे-जूनमध्ये एक नाणं देऊन दुसरं घेतलं असेल, तर रिटर्नच्या वेळी त्या दिवसाचा भाव कीवरून निघत नाही. व्यवहार झाला की त्याच आठवड्यात भाव शीटमध्ये आकडा म्हणून चिकटवायचा, फॉर्म्युला ठेवायचा नाही. ३० टक्के कर आणि तोटा वजा करायची सोय नाही, अशा कायद्यात तारखेचा भाव हाताशी नसणं परवडत नाही.

जुना इतिहास चाळायचा असेल तर मात्र मी कॉइनमार्केटकॅपवरच जातो. एप्रिल २०१३ पासूनच्या क्रमवाऱ्या तिथे बघता येतात, आणि पहिल्या दहांतली किती नावं पुसली गेली हे बघणं बोधक आहे. २०२० पासून ते बायनान्स या क्रिप्टो एक्स्चेंजच्या मालकीचं आहे. कुणाला याने फरक पडतो, कुणाला नाही. नुसता भाव बघताना मला तरी तो कधी जाणवला नाही.

रुपयांतल्या भावाबद्दल दोघांनाही एकच इशारा लागू. तो जागतिक भावाचा डॉलरच्या दराने काढलेला रुपया असतो. आपल्याकडच्या एक्स्चेंजवर यूएसडीटी, म्हणजे एका डॉलरला बांधलेलं नाणंच, सहसा डॉलरपेक्षा महाग मिळतो, त्यामुळे प्रत्यक्ष विक्रीचा आकडा वेगळा येतो. रुपयांत विकलं असेल तर एक्स्चेंजचं स्टेटमेंटच धरा. शीटमध्ये टिकरचा रकाना माझ्याकडे अजून आहे, पण आतेभावाला दाखवण्यापुरता. फॉर्म्युला बघतो तो शेजारच्या कॉइनगेको आयडीच्या रकान्याकडे.