पोर्टल ॲक्सलची क्रॉलर: खारघरच्या दगडांत पावसाळा-हिवाळा काढल्यावर

आधीच सांगतो, गाडी रिमोटची आहे, एक-दशांश मापाची क्रॉलर, म्हणजे दगडांवरून हळूहळू चढवायची. खऱ्या थारवर ॲक्सल बदलण्याचा हा उद्योग करायला गेलं तर मोटर वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, आणि 2019 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर असले फेरफार घेऊन आरटीओच्या दारात जाण्यात अर्थ नाही. छोट्या गाडीला पासिंग लागत नाही. पण तिच्यातले दाते, बेअरिंग, सील सगळं खरं असतं, फक्त लहान. पोर्टल ॲक्सलचं किट कोणाचं ते मुद्दाम लिहीत नाही, अनुभव रचनेचा आहे.

मे महिन्यात साधे ॲक्सल काढून पुढेमागे पोर्टल चढवले. टायर तेच, मोटर तीच, म्हणून तुलना सरळ आहे.

साध्या ॲक्सलला दुखणं एकच, मधला डिफचा गोळा (डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे गिअर). चाकं दगड चढतात आणि गोळा दगडावर बसतो. मग मंडळी सुचवतात, लांब शॉक टाक, बॉडी उचल. टाकून बघा. बॉडी वर जाते, चेसिस वर जाते, डिफ जागच्या जागी, कारण ॲक्सल चाकांच्या मध्यातून गेलेला असतो आणि त्याची उंची ठरवतो टायर. माझा टायर 120 मिलीमीटर व्यासाचा. मध्यापासून जमीन 60, त्यात गोळ्याचा खालचा भाग 20 खातो, उरले 40. ते 52 करायचे तर टायर 144 चा लागेल, आणि तो फेंडरला घासणार.

पोर्टलमध्ये ॲक्सलच चाकाच्या मध्यापेक्षा वर बसतो. प्रत्येक चाकाच्या हबमध्ये एकावर एक दोन गिअर, वरचा ॲक्सलच्या टोकाला, खालचा चाकाला. माझ्या किटमध्ये दोघांच्या मध्यांतलं अंतर 12 मिलीमीटर. म्हणजे टायर न बदलता 40 चे 52 झाले. खऱ्या गाड्यांत हे जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या फोक्सवॅगन क्यूबलवॅगनच्या मागच्या चाकांना असे गिअर होते, युनिमॉग 1948 पासून पोर्टलवर उभी आहे. ती मुळात शेतासाठी बनली, पिकावरून ॲक्सल न घासता जावा म्हणून. आमच्या छंदात हे प्रकरण पसरलं ते 2017 मध्ये ट्रॅक्ससची टीआरएक्स-4 आल्यावर.

दोन गिअर एकमेकांत फिरले की दिशा उलटते. बसवून पहिला थ्रॉटल दिला आणि अपेक्षेप्रमाणे गाडी मागे गेली. मोटरच्या दोन वायरी अदलाबदल केल्या, काम झालं. मोठ्या गाडीत ही चैन नाही. तिथे डिफमधलं क्राउन व्हील, म्हणजे मोठं दातेरी चाक, दुसऱ्या बाजूला बसवावं लागतं, नाहीतर हबमध्ये तिसरा गिअर घालावा लागतो.

खारघरच्या टेकडीखाली ओढ्यात काळ्या पाषाणाचे गोल धोंडे आहेत. उन्हाळ्यात तो कोरडा असतो, तेव्हा खरी परीक्षा. पूर्वी दोन धोंड्यांमध्ये लोंबकळणारी गाडी आता पोट न टेकवता पार होते. पण मला त्याहून आवडलेली गोष्ट दुसरीच. चढावर थ्रॉटल दिला की पूर्वी बॉडी एका बाजूला कलायची आणि एक पुढचं चाक हलकं व्हायचं. आता ते बरंच कमी झालंय. हबमध्येच गती कमी होऊन ताकद वाढते, त्यामुळे मधल्या ड्राइव्ह शाफ्टवर बॉडी कलवणारा पिळा कमी येतो. त्याच कारणाने गाडी हळू झाली, म्हणून मोटरवर जास्त दात्यांचा पिनियन (मोटरच्या टोकाचा छोटा गिअर) टाकला. भाचा म्हणतो, "मामा, चालत गेलो तर लवकर पोचू." बरोबर आहे, पण क्रॉलर त्याचसाठी असते.

आता उण्या बाजू. आडव्या उतारावर ही गाडी भित्री झाली आहे. सगळं 12 मिलीमीटर वर गेलं, त्यामुळे पूर्वी जिथून निवांत जायची तिथे आता कुशीवर लोळते. उपाय म्हणून हबला पितळी कव्हर लावली, वजन चाकाशी खाली गेलं आणि फरक लगेच कळला. पण मग जुना सर्वो, म्हणजे पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर, कण्हायला लागला. दगडात फसलेलं पुढचं चाक त्याला वळेना, दणकट सर्वो घ्यावा लागला. किटची किंमत सांगताना हे दोन खर्च कुणी सांगत नाही.

आणि सील. पावसाळ्यात पांडवकडा धबधब्याला बंदी असते, म्हणून अलीकडच्या चिखलात भागवलं. गणपतीनंतर मागचा डावा हब उघडला, तर ग्रीस राखाडी, दुधाळ झालेलं, बोटाला रवाळ लागत होतं. खालच्या गिअरच्या दोन दात्यांत दगडाचा बारीक कण रुतून बसला होता, आणि त्याच्या शेजारच्या दात्याची कड चकाकत होती. उजवा हब कोरडा. म्हणजे रचना वाईट नाही, त्या एका सीलचं माप सैल. बदली सील मागवलं तर विक्रेत्याने महिनाभर नुसतं "पाठवतो" केलं. शेवटी बेअरिंगच्या दुकानातून त्याच मापाचं रबर सील घेतलं, तेव्हापासून आत पाणी नाही.

साध्या ॲक्सलला दोन डिफ साफ केले की झालं. इथे त्यांशिवाय चार हब, प्रत्येकाला बारीक स्क्रू, आणि स्क्रूंना थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) नसेल तर एखादा ओढ्यातच राहतो. आवाजही वाढतो, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये चालवली तर वॉचमन बघतो.

तुम्ही मातीच्या वाटेवर, ठाण्याच्या उपवन तलावाच्या काठाने फिरवत असाल तर हे किट घेऊ नका, त्या पैशांत मऊ रबराचे चांगले टायर घ्या. धोंड्यांत जात असाल तर घ्या, फक्त पितळी कव्हर आणि सर्वो त्याच हिशेबात धरा, आणि पहिल्या चिखलानंतर चारही हब उघडून बघा.