टीव्हीखालचा ३५ हजाराचा गेमिंग पीसी, घ्यावा का?

जळगावात आमच्या हॉलमधे ४३ इंची टीव्हीखाली हा पीसी बसवून वर्ष होत आलं, चार जण विचारून गेले की घेऊ का, म्हणून लिहितोय. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर (ग्राफिक्स त्यातच), १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एसएसडी, एक वायरलेस कंट्रोलर. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. सगळं मिळून ३५ हजाराच्या आत बसलं.

पहिला महिना फार वाईट गेला. जीटीए ५ सुद्धा अडखळायचा, गाडी वळवली की चित्र गचके खायचं, मला वाटलं गेले पैसे पाण्यात. मग भाच्याने साइडचं झाकण काढलं आणि म्हणाला, मामा, यात रॅमची एकच पट्टी आहे. दुकानदाराने १६ ची एकच टाकून दिलेली! या प्रोसेसरच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते साध्या रॅममधूनच काम चालवतं, आणि दोन पट्ट्या असल्या की दोन्हीतून एकाच वेळी डेटा येतो, म्हणून ८-८ च्या दोन पट्ट्या पाहिजेच. त्या बदलून आणल्या, बायोसमधे (पीसी चालू होतानाच्या सेटिंगमधे) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण स्पीडने चालवायचा पर्याय, चालू केलं तेव्हा ३२०० चा स्पीड आला, आणि त्याच संध्याकाळी तोच गेम १०८०पीला (फुल एचडीला) एकदम मख्खन. बिल करायच्या आधी पट्ट्या स्वतः मोजून घ्या भो.

व्हॅलोरंट, रॉकेट लीग मस्त चालतात. सायबरपंकसारखे मोठे गेम मात्र विसरा, ७२०पीला लो सेटिंगवर कसंबसं सेकंदाला ३० फ्रेमच्या आसपास, त्यात मजा नाही. तेच खेळायचे असतील तर सरळ पीएस५ (सोनीचा गेमिंग कन्सोल) घ्या, पण तिथे विकतच्या गेमला ऑनलाइन खेळायचे वेगळे पैसे लागतात, इथे लागत नाहीत, वर एपिकच्या ऑनलाइन स्टोअरवर दर आठवड्याला काहीतरी गेम फुकट मिळतो. आणि दिवसा बाबा याच मशीनवर केळीच्या हिशोबाचं एक्सेल मोठ्या अक्षरात बघतात, हे कन्सोलवर कुठे होणार?

आपल्याकडचा उन्हाळा धरून चाला. मी आधी टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात ठेवलेला, मे महिन्यात पारा ४४ ला गेला की पंखा इतका ओरडायचा की आई म्हणायची ते आधी बंद कर. आता उघड्यावर ठेवलाय, पंधरा दिवसांनी ब्लोअर मारतो. लाइट जाते म्हणून यूपीएस लागतोच.

माझ्या मते १०८०पीवर समाधान असेल तर घ्याच. फक्त २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव खूप चढलेत, त्यामुळे आधी रॅमचा भाव काढा मग बाकीचं ठरवा. एसएमपीएस (पॉवर सप्लाय) मी मुद्दाम ५५० वॅटचा घेतलाय, पुढच्या दिवाळीला यातच ग्राफिक्स कार्ड टाकणार.