बिटवॉर्डन: पाठ करायला एकच पासवर्ड

बिटवॉर्डन हा सगळे पासवर्ड जपून ठेवणारा पासवर्ड मॅनेजर मी मनापासून सुचवते. सोर्स कोड खुला, आणि मोफत खात्यातही पासवर्ड हवे तितके. पण खरी मजा पासफ्रेजमध्ये, म्हणजे अनेक शब्द जोडून केलेल्या पासवर्डमध्ये आहे. ७,७७६ इंग्रजी शब्दांच्या यादीतून बिटवॉर्डनचा जनरेटर शब्द उचलतो. सहा शब्दांत साधारण ७७ बिट्सची ताकद येते (पासवर्ड ओळखणं किती कठीण, याचं हे माप). 'कंदील-घुबड-परात' अशी असंबद्ध शब्दांची माळ (हा फक्त नमुना!) डोळ्यांसमोर चित्र उभं करते, म्हणून पटकन पाठ होते. मात्र शब्द मनाने निवडू नका, जनरेटरलाच निवडू द्या. बनावट साइटवर पत्ता जुळत नाही, त्यामुळे ऑटोफिल (पासवर्ड आपोआप भरण्याची सोय) पासवर्ड सुचवतच नाही. हे मला फार मोलाचं वाटतं. मास्टर पासवर्ड, म्हणजे बिटवॉर्डन उघडणारा तो एकच पासवर्ड, विसरलात तर कंपनीही तो सांगू शकत नाही. तो कागदावर लिहून महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत कुलपात ठेवा.