भाच्याला मालदीवला मी पाठवलं

माझी लाज मीच आधी काढतो, तुम्हाला कष्ट नकोत. 17 वर्षं 4 महिन्यांच्या पोराला परदेशी नोकरीला धाडणारा त्याचा सख्खा मामा तो मीच. एसटीत 25 वर्षं कंडक्टरकी केली. खोटी नोट अंधारात हाताला कळते. माणूस कळला नाही.

बहिणीचे यजमान कोविडात गेले. पोराची बारावी झाली, पुढे शिकवायला पैसा नाही. एजंट आमच्याच तालुक्यातला, दशावताराला शेजारी बसणारा. "मामानू, तुमी काय काळजी करू नकात. माजी चार पोरां थय आसत." रिसॉर्टमध्ये किचन हेल्पर, महिना 450 डॉलर, राहणं-खाणं फुकट. चार पोरांपैकी दोघांशी त्याने फोनवर बोलायलाही दिलं. आता वाटतं, ती पोरं तरी खरी होती का? पण तेव्हा कोणाला शंका आली असती? तुम्हाला आली असती?

बुकिंगचे 20,000 रोख. ऑफर लेटर आल्यावर 85,000, तेही त्याच्या मेव्हणीच्या खात्यावर. तिकिटाचे 45,000. मेडिकल-इन्शुरन्सचे 22,500. एकूण 1,72,500, त्यातले 60,000 बहिणीच्या पाटल्यांचे. परदेशी नोकरीसाठी एजंटला कायद्याने जास्तीत जास्त 30,000 आणि त्यावर जीएसटी, म्हणजे 35,400 घेता येतात, हे मला सगळं आटोपल्यावर कळलं.

वय कमी आहे हे मी एजंटला स्वतः सांगितलं होतं. लपवलं नव्हतं. तो म्हणाला, "म्हणूनच आता टुरिस्टवर जायचं, 18 पूर्ण झाली की परमिट." भारतीयांना तिथे टुरिस्ट व्हिसा विमानतळावरच फुकट मिळतो, ते खरंही आहे. पण नोकरीसाठी जाणाऱ्याची मंजुरी मालकाने आधी काढावी लागते आणि ते पत्र हातात असल्याशिवाय निघायचं नसतं. "तिथे गेल्यावर बदलून देतो" असं जो म्हणेल त्याला तिथल्या तिथे दाराबाहेर काढा.

आता ती रात्र. रोज आठवते.

सहार विमानतळाबाहेर आम्ही उभे. बहिणीने कुडाळच्या बाजारातून 450 रुपयांचा फुलाफुलांचा शर्ट आणला होता, कारण एजंटने सांगितलं होतं, "फिरायला चाललाय असा दिसूक होयो." शर्टाच्या कॉलरवर अजून दुकानाची टाचणी. मालदीवला उतरण्याआधी ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, तो एजंटने भरून क्यूआर कोड पाठवलेला. पोरगा मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाला, "मामा, ह्यात हॉलिडे लिवलाहा." सोबत कणकवलीकडचा एक चाळिशीचा इसम होता, आम्ही त्याला पहिल्यांदाच बघत होतो. एजंट फोनवर सांगत होता, "कोणी विचारल्यान तर हे तुजे काका."

तिथे थांबायला हवं होतं. पोराने विचारलं होतं, मला सुचलं नव्हतं असंही म्हणता येत नाही. मी म्हणालो, "फॉर्मात असंच लिहितात रे." आणि माझ्या हाताने त्याच्या कॉलरची टाचणी काढली.

मालेला उतरल्यावर 'काका' गायब. एका माणसाने "नोंदणीसाठी" म्हणून पासपोर्ट घेतला, तो परत दिसला नाही. रिसॉर्ट कुठलं? मालेजवळच्या हुलहुमाले बेटावर एका इमारतीत सिमेंटच्या गोण्या वर चढवायच्या. खोलीत 14 जण, झोपायला पाळ्या. दहा आठवड्यांत हातावर 2,000 रुफिया टेकवले, म्हणजे सुमारे 130 डॉलर. पोलिसांकडे जातो म्हटलं तर उत्तर तयार: तू टुरिस्ट, कामावर सापडलास तर तुलाच आत टाकतील. फुकटच्या व्हिसाचा खरा उपयोग हा. शेजारी एक बांगलादेशी पोरगा होता, पासपोर्टवर वय 22. भाचा म्हणतो, त्याला अजून मिसरूड नव्हतं.

तिथे माणसांच्या तस्करीविरुद्ध 2013 पासून कायदा आहे. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम 143 आहे: बळी पडलेल्याची संमती होती की नव्हती याला अर्थ नाही, आणि मूल असेल तर किमान दहा वर्षं. आता हे कलम मला पाठ आहे. ठाण्यातल्या साहेबांना नव्हतं.

पहिल्या खेपेला विचारलं, "पोरगा स्वतःहून गेला ना?" दुसऱ्या खेपेला, "टुरिस्ट म्हणून गेला, मग नोकरीची फसवणूक कशी?" तिसऱ्या खेपेला पावती मागितली. अहो, चोर पावती देतो का? सायबरवाले म्हणाले, पैसे समोर बसून ठरवलेत, ठाण्यात जा. मुंबईच्या एका कचेरीत तीन तास बसवून एका बाईंनी सांगितलं, नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते त्या 18 देशांच्या (ईसीआर) यादीत मालदीव नाही, आमच्याकडे येत नाही. बाई, परदेशी नोकरभरतीच्या 1983 च्या कायद्याने एजंटला नोंदणी लागते ती देश कुठलाही असो! सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी असलेल्या एजंटांत नाव शोधायला दोन मिनिटं लागतात, मला लागली. नाव नव्हतंच. हे मी तेव्हा का नाही केलं, ते विचारू नका. पोर अठराच्या आतलं आहे, 1098 ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करा, एवढंही त्या सगळ्यांपैकी एकाने सांगितलं नाही. चौथ्या खेपेला "बघतो" म्हणाले. अजून बघतायत.

पोरगा आला तो मालेच्या आपल्या उच्चायुक्तालयाने पासपोर्टाऐवजी दिलेल्या इमर्जन्सी सर्टिफिकेटवर. परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाकायला शेजारच्या मुलीने शिकवलं. पासपोर्टच्या सगळ्या पानांचे फोटो घरी ठेवा, आमच्याकडे होते म्हणून निभावलं. परतीचं तिकीट 31,400, सोसायटीचं कर्ज काढून. एजंटने दाखवलेलं रिटर्न तिकीट पोरगा उतरल्याच्या दुसऱ्या दिवशीच रद्द झालं होतं. त्याचेही पैसे त्यालाच परत मिळाले असणार.

परवा त्याचं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस: सेशेल्स, हॉटेल, 8 जागा, फ्रेशर चालतील. स्क्रीनशॉट घेऊन पाचव्यांदा ठाण्यात गेलो. साहेब बंदोबस्ताला गेले होते.